हरवलेली फाइल, बिघडलेली डिस्क : घाई करण्यापूर्वी वाचण्यासाठी

महिन्या-दोन महिन्यांनी मंडळाच्या कुणातरी सभासदाचा फोन येतो. "काका, पेन ड्राइव्ह लावला तर 'फॉरमॅट करू का' असं विचारतोय. हो म्हणू का?" उत्तर नेहमी एकच असते : नाही म्हणा, पेन ड्राइव्ह काढा आणि चहा घ्या. पुढचे सगळे त्यानंतर.

मी संगणक अभियंता नाही. बी.कॉम. होऊन बँकेत नोकरी केली, निवृत्तीनंतर मंडळाचे हिशेब आणि जुनी छायाचित्रे सांभाळण्याचे काम अंगावर घेतले, आणि त्या कामात एक मोठी चूक केली. ती चूक पुढे सांगितली आहे. तिच्यामुळे या विषयाचा अभ्यास करावा लागला. आपल्यासारख्या कुटुंबांकडे आता लग्नाचे अल्बम, आजोबांची पत्रे, वंशावळी, मुलांच्या मुंजीची चित्रफीत, सगळे डिस्कवरच असते. दुसरी प्रत बहुधा नसते. म्हणून ही माहिती एका ठिकाणी मांडून ठेवत आहे.

प्रथम काय करावे, काय करू नये

घाईत असाल तर निदान एवढा भाग वाचा.

१. ज्या डिस्कवरची फाइल गेली, तिच्यावर काहीही नवे लिहू नका. नवा फोटो नाही, नवे गाणे नाही, 'चालते का बघू' म्हणून एखादी छोटी फाइलही नाही.

२. 'फॉरमॅट', 'रिपेअर', 'स्कॅन अँड फिक्स', मॅकवर 'इनिशिअलाइझ' असे काहीही विचारले तर 'कॅन्सल' दाबा.

३. डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर ती ताबडतोब बंद करा. पुन्हा लावून पाहू नका.

४. फाइल लॅपटॉपच्या मुख्य सी ड्राइव्हवर असेल तर लॅपटॉपच बंद करा. आपण काही केले नाही तरी विंडोज स्वतःची कामे त्याच डिस्कवर लिहीत असते.

५. फाइली परत मिळवून देणारा प्रोग्राम त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नका आणि परत मिळालेल्या फाइली त्याच डिस्कवर ठेवू नका.

६. मग शांतपणे आठवा, की ही फाइल आणखी कुठे आहे का? रिसायकल बिन, ईमेलचा पाठवलेल्या पत्रांचा कप्पा, छापखान्याला दिलेली प्रत, व्हॉट्सॲपवर ज्या नातेवाइकाला पाठवली त्याचा फोन. माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी इथेच मिटल्या आहेत.

फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कची खतावणी

बँकेत हाताने लेजर लिहिण्याचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना ही गोष्ट लगेच समजेल. रोकड तिजोरीत असते आणि कुणाची किती, हे लेजरमध्ये. डिस्कचेही तसेच आहे. फोटो, चित्रफिती, मजकूर ही रोकड. कोणती फाइल डिस्कच्या कोणत्या जागेत ठेवली आहे, तिचे नाव काय, आकार किती, तारीख कोणती, ही नोंद म्हणजे खतावणी. या खतावणीला आणि ती लिहिण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात.

डिस्कची जागा छोट्या-छोट्या खणांत विभागलेली असते. त्यांना क्लस्टर म्हणतात. विंडोजमध्ये एक खण बहुधा ४ केबीचा असतो. म्हणजे ३ एमबीचा एक फोटो ७६८ खणांत बसतो. हे खण ओळीने एकामागे एक असतील तर उत्तम. डिस्क भरत आली की जिथे जागा मिळेल तिथे तुकडे ठेवले जातात, आणि मग ते कोणत्या क्रमाने जोडायचे हे फक्त खतावणीला ठाऊक असते.

नेहमी भेटणाऱ्या पद्धती अशा :

फॅट : १९७७ मध्ये बिल गेट्स आणि मार्क मॅकडोनाल्ड यांनी फ्लॉपीसाठी तयार केलेली मूळ पद्धत. तिची १९९६ मधली आवृत्ती फॅट३२ आजही पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांत दिसते. तिच्यात खण-जोडणीच्या तक्त्याच्या बहुधा दोन प्रती असतात, ही चांगली गोष्ट. पण एका फाइलीचा आकार ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे तीन अंकी नाटकाचे चित्रीकरण एका फाइलीत मावत नाही.

एक्सफॅट : ही अडचण दूर करण्यासाठी २००६ मध्ये आलेली. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते, म्हणून बाह्य डिस्कसाठी लोक हीच निवडतात. मात्र तिच्यात तक्ता बहुधा एकच असतो आणि रोजकीर्द नसते. केबल मध्येच ओढली गेली तर सर्वांत जास्त त्रास हिचा.

एनटीएफएस : १९९३ पासून विंडोज एनटीबरोबर आलेली, आजच्या बहुतेक विंडोज संगणकांची पद्धत. प्रत्येक फाइलीची नोंद एका मुख्य तक्त्यात असते, आणि त्या तक्त्याच्या पहिल्या काही नोंदींची नक्कल वेगळी ठेवलेली असते.

मॅकवर २०१७ पासून एपीएफएस आहे, आणि लिनक्सवर ईएक्सटी४ प्रचलित आहे.

रोजकीर्दीबद्दल थोडे सांगायला हवे. एनटीएफएस खतावणीत बदल करण्याआधी तो काय करणार आहे हे एका वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवते. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी ती वही वाचून अर्धवट व्यवहार पूर्ण केला जातो किंवा रद्द केला जातो. संगणकवाले याला 'जर्नल' म्हणतात, आपण रोजकीर्द म्हणू. पण ही रोजकीर्द फक्त खतावणीतल्या नोंदींची असते, फाइलीतल्या मजकुराची नाही. म्हणून वीज गेल्यावर डिस्क व्यवस्थित उघडते, आणि तरीही शेवटची दोन पाने टंकलेली जागा कोरी सापडते.

डिलीट केले म्हणजे काय झाले?

फाइल डिलीट केली की साध्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर तिचा मजकूर पुसला जात नाही. फक्त खतावणीत 'हे खाते बंद' अशी खूण होते आणि खण 'रिकामे' म्हणून जाहीर होतात. रोकड अजून तिजोरीत आहे, फक्त ती कुणाची हे लिहिलेले नाही. पुढच्या कुणाला जागा हवी असेल तेव्हा त्याच खणांत नवी फाइल ठेवली जाईल. तेव्हा मात्र जुनी फाइल खरोखर संपते. वर पहिला नियम दिला आहे तो याचसाठी.

फॅट पद्धतीत डिलीट करताना नावाचे पहिले अक्षर काढून तिथे खुणेचे चिन्ह ठेवले जाते आणि खण-जोडणीचा तक्ता शून्य केला जातो. १९९१ च्या डॉस ५ मध्ये 'अनडिलीट' ही आज्ञा होती. ती फाइल परत देताना विचारायची, "नावाचे पहिले अक्षर कोणते?" त्या वेळी आम्हाला त्याची गंमत वाटायची. कारण हे होते, की संगणकाकडे ते अक्षर उरलेलेच नसायचे.

एनटीएफएसमध्ये नोंदीवर फक्त 'वापरात नाही' अशी खूण होते. ती नोंद दुसऱ्या फाइलीला दिली जाईपर्यंत नाव, तारीख आणि खणांचे पत्ते सगळे शिल्लक असते. त्यामुळे लगेच प्रयत्न केला तर फाइल नावासकट परत मिळते.

फॉरमॅटचे दोन प्रकार आहेत. 'क्विक फॉरमॅट' नवी कोरी खतावणी मांडते, तिजोरीला हात लावत नाही. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व विंडोजमध्ये संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते. क्विक फॉरमॅटनंतर आशा असते, पूर्ण फॉरमॅटनंतर नसते. पूर्ण फॉरमॅट चुकून सुरू झाले असेल तर ते संपायची वाट पाहू नका, मध्येच थांबवा. जिथपर्यंत पोहोचले नसेल तेवढे तरी वाचेल.

खतावणी बिघडली की तिजोरी?

उपाय करण्याआधी हा फरक ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. खतावणी बिघडली असेल तर घरी प्रयत्न करता येतो. तिजोरीच मोडत असेल तर घरचा प्रत्येक प्रयत्न नुकसान वाढवतो.

खतावणी बिघडल्याची लक्षणे : डिस्क लगेच ओळखली जाते, आकार बरोबर दिसतो, आवाज नेहमीसारखा असतो, पण 'फॉरमॅट करावी लागेल' असा संदेश येतो. किंवा फाइल सिस्टीमच्या जागी 'रॉ' असा शब्द दिसतो, किंवा फोल्डरांची नावे विचित्र चिन्हांनी भरलेली दिसतात.

तिजोरी मोडत असल्याची लक्षणे : टकटक आवाज, फिरायला सुरुवात होऊन पुन्हा थांबणे, एक फोल्डर उघडायला कित्येक मिनिटे लागणे, आकार शून्य दाखवणे, डिस्क मध्येच गायब होणे. हार्ड डिस्कमध्ये वाचणारे डोके फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. ते तबकडीला घासू लागले तर प्रत्येक फेरीत थोडी नोंद कायमची खरवडली जाते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा, तिच्यावर थापट्या मारण्याचा किंवा ती घरी उघडून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आत बाष्प किंवा धूळ गेली की उरलेली आशाही जाते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्राम ती दाखवतो. त्यातल्या ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी पाहाव्यात. खराब म्हणून बदललेले आणि वाचता न येणारे भाग त्यांत मोजलेले असतात. हे आकडे शून्य नसतील आणि वाढत असतील तर त्या डिस्कवर विश्वास ठेवू नये.

परत मिळवण्याचा क्रम

पहिली पायरी, संपूर्ण नक्कल. मूळ डिस्कवर प्रयोग करायचे नाहीत. आधी तिची खणान्-खण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. कोर्टात मूळ दस्तऐवज न देता आपण खरी नक्कल देतो, तसेच. नेहमीच्या कॉपी-पेस्टने हे होत नाही, कारण ते खतावणी विचारून चालते आणि खतावणीच बिघडलेली आहे. यासाठी 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्राम उत्तम. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अवघड जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी त्या अवघड जागांकडे वळतो. कुठपर्यंत काम झाले याची यादी ठेवतो, त्यामुळे मध्ये थांबवून पुन्हा सुरू करता येते. 'सिस्टीमरेस्क्यू' नावाची लिनक्सची आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली तर त्यात हा प्रोग्राम असतोच.

एकच सावधगिरी : कोणती डिस्क 'वरून' आणि कोणती 'वर' हे तीनदा तपासा. उलट झाले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल. सुस्थितीतली १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचली तरी पावणेतीन तास लागतात. खराब डिस्कला दिवसही लागू शकतात.

दुसरी पायरी, हरवलेला विभाग शोधणे. डिस्कवरचे विभाग म्हणजे पार्टिशनच दिसत नसतील तर 'टेस्टडिस्क' वापरावा. फॅट३२ मध्ये पहिल्या पानाची, म्हणजे बूट सेक्टरची नक्कल सहाव्या सेक्टरमध्ये असते, एनटीएफएसमध्ये ती विभागाच्या अगदी शेवटी असते. पहिले पान फाटले असेल तर टेस्टडिस्क या नकलेवरून ते पुन्हा लिहू शकतो, आणि मग सगळे फोल्डर जसेच्या तसे उघडतात. 'रॉ' दिसणारी डिस्क कधी कधी एवढ्यावरच बरी होते.

तिसरी पायरी, नोंदींवरून शोध. डिलीट झालेल्या फाइली नावासकट हव्या असतील तर 'रेकुव्हा' किंवा मायक्रोसॉफ्टचा २०२० मध्ये आलेला 'विंडोज फाइल रिकव्हरी' वापरून पाहावा. तरुण मंडळी घरात असतील तर त्यांची मदत घ्या, कारण दुसरा प्रोग्राम आज्ञा टंकून चालवावा लागतो.

चौथी पायरी, नोंदींशिवाय शोध. खतावणी पूर्ण गेली असेल तर 'फोटोरेक' हा टेस्टडिस्कचाच जोडीदार उपयोगी पडतो. तो नोंदी पाहतच नाही. सरळ तिजोरीत जाऊन प्रत्येक खणाची सुरुवात तपासतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरलेली असते. जेपीईजी फोटो एका विशिष्ट तीन बाइटांच्या खुणेने सुरू होतो, पीडीएफच्या सुरुवातीला त्याचे नावच लिहिलेले असते. अशी खूण सापडली की तिथून पुढचे खण उचलायचे. फोटो सलग खणांत असेल तर अखंड मिळतो. तुकड्यांत विखुरला असेल तर वरचा अर्धा बरोबर आणि खालचा अर्धा राखाडी, किंवा खाली भलताच फोटो, असे दिसते. फाइलींची नावे आणि फोल्डर मात्र परत येत नाहीत, कारण ती खतावणीत होती.

चेकडिस्कबद्दल

बऱ्याच ठिकाणी पहिला उपाय म्हणून 'चेकडिस्क चालवा' असे सांगतात. चेकडिस्क हा ऑडिटर आहे. त्याचे काम खतावणी जुळवणे. ठेवीदाराची रक्कम परत मिळवून देणे हे त्याचे काम नाही. जी नोंद जुळत नाही ती तो काढून टाकू शकतो, आणि त्या नोंदीबरोबर आपला फोल्डर जाऊ शकतो.

ज्या खणांचा मालक सापडत नाही, ते तो 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये 'सीएचके' शेपटीच्या फाइली करून ठेवतो. बँकेत मालक न सापडलेली रक्कम सस्पेन्स खात्यात जाते, अगदी तसेच. लिनक्समध्ये याच कामासाठी 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डर असतो. फाइली 'गेल्या' असे वाटले तर हे सस्पेन्स खाते जरूर उघडून पाहा. शेपटी बदलली की त्यात कधी कधी पूर्ण फोटो निघतो.

चेकडिस्क पुढे कोणतेही अक्षर न लावता चालवला तर तो फक्त अहवाल देतो. 'एफ' लावले की दुरुस्ती करतो. 'आर' लावले की खराब जागा शोधत सगळी डिस्क वाचतो, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर हा शेवटचा घाव ठरू शकतो. संगणक सुरू होताना तो आपोआप चालू होणार असेल तर पडद्यावर काही सेकंद कळ दाबून टाळण्याची संधी मिळते, ती घ्या. प्रत हातात आल्यानंतर चेकडिस्क खुशाल चालवा.

आपल्या मंडळाच्या डिस्कचे काय झाले

आता माझी चूक. मंडळाची १ टीबीची बाह्य डिस्क एक्सफॅट पद्धतीची होती. तिच्यावर जुन्या स्मरणिकांची स्कॅन केलेली पाने, चाळीसेक वर्षांच्या गणेशोत्सवांची छायाचित्रे आणि ज्येष्ठ सभासदांच्या ध्वनिमुद्रित आठवणी होत्या. एका गणेशोत्सवात जुनी छायाचित्रे पडद्यावर दाखवत असताना गर्दीत कुणाच्या तरी पायात केबल अडकली. दुसऱ्या दिवशी डिस्क लावली तर 'फॉरमॅट करावी लागेल' असा संदेश आला. मला वाटले, दुरुस्तीचाच भाग असेल. मी 'हो' म्हटले. काही सेकंदांत डिस्क उघडली, रिकामी.

एवढ्यावर थांबलो असतो तर बहुतेक सगळे वाचले असते. पण रिकामी डिस्क व्यवस्थित चालते आहे असे पाहून, निदान कालचा कार्यक्रम तरी सुरक्षित ठेवू म्हणून मी त्याच डिस्कवर आदल्या रात्रीच्या चित्रफिती उतरवल्या, सुमारे २० जीबी. संगणकाने त्यांच्यासाठी जी जागा निवडली, तिथे आधी ध्वनिमुद्रणे होती.

मंडळातल्या एका तरुण सभासदाने वर सांगितलेल्या क्रमाने काम केले : आधी पूर्ण प्रत, मग फोटोरेक. बहुतेक छायाचित्रे मिळाली, स्मरणिकांची पानेही मिळाली. पण हजारो फाइली, सगळ्यांची नावे 'एफ' आणि पुढे आकडे. कोणते वर्ष, कोण माणसे, काही नाही. लागोपाठ कितीतरी रविवार मंडळाच्या सभागृहात ज्येष्ठ बसले आणि पडद्यावरचा एकेक फोटो ओळखत गेले. "ही आमची माई, म्हणजे ८५ च्या आधीचा", "हा मखर दांडेकर पुलापलीकडच्या सुताराने केला होता, पावसात भिजला म्हणून आठवतो", असे. काही फोटोंतली माणसे ओळखणारे आता कुणीच उरलेले नाही.

ध्वनिमुद्रणांपैकी एक काकूंचे होते. लग्न होऊन बडोद्यात आल्या, नव्वदीपर्यंत इथेच राहिल्या. लहानपणच्या आठवणी आणि आजेसासूकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी दोन तास म्हणून दाखवल्या होत्या. त्यातली सलग अकरा मिनिटे मिळाली. बाकी जागेवर माझ्या चित्रफिती लिहिल्या गेल्या होत्या. काकू त्याआधीच गेल्या होत्या. त्यांच्या नातीला ती अकरा मिनिटे दिली तेव्हा तिने मला दोष दिला नाही, पण मला तो विसरता येत नाही.

या कामात आणखी एक अडचण कळली. १९९०-२००० च्या दशकांतला आपला मराठी मजकूर शिवाजी, श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टांत आहे, युनिकोडमध्ये नाही. फाइल परत मिळाली तरी तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि 'गणेशोत्सव' हा शब्द शोधला तर सापडत नाही. असा मजकूर कचरा समजून काढून टाकू नका. आधी तो फॉन्ट बसवून पाहा. वाचता आला की युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि पीडीएफ प्रतही ठेवा.

एसएसडी, मोबाइल आणि कुलूप

वरची आशा साध्या हार्ड डिस्कची आणि बहुतेक पेन ड्राइव्ह, मेमरी कार्डांची आहे. नव्या लॅपटॉपमधली एसएसडी वेगळी वागते. फाइल डिलीट होताच 'ट्रिम' नावाची सूचना जाते आणि एसएसडी ते खण स्वतःहून रिकामे करते. विंडोज ७ पासून ही सोय आहे. वेग वाढतो, पण डिलीट झालेली फाइल बहुधा कायमची जाते. मोबाइलच्या आतल्या साठवणीतही नोंदी कुलूपबंद असल्यामुळे जवळजवळ हीच स्थिती. तिथे भरवसा कचरापेटीवरच. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस कचरापेटीत राहतो, आयफोनमध्ये साधारण ३० दिवस. ही मुदत टळण्याआधी पाहा.

नव्या विंडोज लॅपटॉपची डिस्क अनेकदा 'बिटलॉकर'ने आपोआप कुलूपबंद झालेली असते. तिची ४८ अंकी किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप चांगला चालू आहे तोवरच ती कागदावर लिहून ठेवा. लॉकरची किल्ली हरवली तर बँक लॉकर फोडून देते, हे कुलूप मात्र कुणालाच फोडता येत नाही.

पुराचे पाणी

२०१९ आणि २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात आपल्यापैकी अनेकांच्या तळमजल्यावर पाणी शिरले. पाण्यात भिजलेली डिस्क 'वाळली' म्हणून लावून पाहू नका. पाणी सुकल्यावर आत गाळ आणि क्षार राहतात आणि डोके त्यांवर घासते. तांदळात पुरून किंवा हेअर ड्रायरने वाळवून काही साधत नाही. वीज न जोडता ती पिशवीत बंद करून लवकरात लवकर डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावी.

दुकानात देताना

कोपऱ्यावरचा संगणक दुरुस्त करणारा आणि डेटा रिकव्हरी करणारी प्रयोगशाळा यांत फरक आहे. पहिल्याचे काम संगणक चालू करून देणे, आणि तो चांगल्या हेतूनेच फॉरमॅट करून टाकतो. डिस्क देताना हे विचारा : मूळ डिस्कची प्रत घेऊन काम करणार का? डिस्क उघडावी लागली तर ती धूळविरहित खोलीत उघडणार का? तपासणीनंतर लेखी अंदाज देणार का? काही मिळाले नाही तर किती आकारणार? आपला डेटा नंतर पुसणार का? डिस्कवर पॅन, आधार, बँकेची कागदपत्रे असतातच, म्हणून अनुक्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय डिस्क सोडू नये.

शेवटी, ३१ मार्च

जगभर ३१ मार्च हा 'बॅकअप दिन' म्हणून पाळतात. आमच्या पिढीच्या बँकवाल्यांना ही तारीख वेगळ्या कारणाने पाठ आहे, रात्री उशिरापर्यंत ताळे जुळवल्याची. आता मंडळातही तो दिवस क्लोजिंगचा धरला आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा छायाचित्रकारांनी रूढ केलेला नियम आम्ही पाळतो : एक डिस्क मंडळाच्या कपाटात, एक प्रत इंटरनेटवरच्या साठवणीत, आणि एक डिस्क दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका सभासदाच्या घरी. त्या दिवशी तिन्ही उघडून चार-चार फाइली प्रत्यक्ष पाहतो, कारण जी प्रत कधी उघडलीच नाही ती आहे असे समजता येत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये 'कोण, कुठे, कधी' लिहिलेली एक साधी यादी ठेवतो आणि तिची छापील प्रत फाइलला लावतो. नावे पुन्हा हरवू नयेत, एवढ्यासाठी.

घरी कुणा ज्येष्ठांचे बोलणे, गाणे, ओव्या मुद्रित केल्या असतील तर येत्या रविवारी त्याची एक प्रत मंडळात आणून द्या. आणि पडद्यावर 'फॉरमॅट करू का' असे आले, तर आधी फोन करा.